जैनुद्दीनचाचांचे दोन दात

माणसं आपल्या दातांना नेमकं काय समजतात, हे मला बारा वर्षं दवाखाना चालवूनही कळलेलं नाही. उंब्रजचा एक गडी पैजेवर सोड्याच्या बाटलीचं बूच दाढेनं उघडायला गेला. बूच जागच्या जागी राहिलं आणि दाढेचा तुकडा हातात आला. एक बाई रोज सकाळी अर्धा तास मशेरी लावते आणि वर मलाच सांगते, "माजं दात लय घट हाईत, डॉक्टरीणबाई." आमचे वडील आकाराम पवार फौजेत वीस वर्षं काढून आलेले. कुंडलच्या रानात बांधावर बसून अजूनही दातानं ऊस सोलतात, आणि पोरगी दातांची डॉक्टर असल्याचं लोकांना कौतुकानं सांगतात तेव्हाही तोंडात उसाचं पेरं असतं. मी सगळ्यांवर ओरडते. रेश्मा डॉक्टरीण फाटक्या तोंडाची आहे असं मिरजेत बोललं जातं, आणि ते खोटं नाही.

तर मार्चातल्या एका सकाळी मिस्बाह आपल्या आजोबांना घेऊन दवाखान्यात आली. मिस्बाह एकवीस वर्षांची, कॉलेज संपवून आजोबांच्या हाताखाली काम शिकणारी. आजोबा म्हणजे जैनुद्दीनचाचा. तंतुवाद्यांच्या गल्लीत पंचावन्न वर्षं तानपुरे बनवणारा माणूस. वय बहात्तर, डोक्यावर पांढरी टोपी, नखांत लाखेचा रंग. लहानपणी त्यांचे दोन्ही कान वाहायचे. तेव्हा पडदे गेले ते गेलेच. मिस्बाह त्यांच्याशी ओठ ठळक हलवून आणि हातवारे करून बोलत होती.

जवळजवळ बहिरा माणूस तानपुरे कसा बनवतो, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. पडला नाही. मी तोंडात बघत होते.

दाढा सुपारीनं केव्हाच नेल्या होत्या. पण मी थबकले ती वरच्या समोरच्या दोन दातांपाशी. दोन्हींच्या खालच्या कडेला बरोबर मधोमध एकेक खाच होती, बारीक कानशीनं पाडावी इतकी नेमकी. डावीकडची खाच पार नसेपर्यंत पोचलेली. उजव्या दाताला तर खालपासून वरपर्यंत चीर. बोट लावलं तर दोन्ही हलत होते.

"चाचा, दातानं काय तोडता?" मी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

त्यांनी चोरी पकडल्यासारखं मिस्बाहकडं पाहिलं. तीच बोलली, "दोरा. तानपुऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा असतो ना, तो. आणि तारेचं टोक पण. पक्कड मांडीवर असली तरी नानांना दातच लागतात."

झालं. मी सुरू झाले. दाताचं वरचं कवच ही माणसाच्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, हाडापेक्षाही कठीण. ते तुम्ही चार-पाच वर्षांचे असताना हिरडीच्या आत घडून पुरं झालं. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरते. हे कवच मात्र शरीर दुसऱ्यांदा बनवत नाही. पंचावन्न वर्षं ते तुमची चाकरी करतंय आणि तुम्ही त्याची कात्री केलीत! बोलता बोलता मी कापसाचं नवं पाकीट घेतलं आणि कोपरा दातात धरून टर्रकन फाडलं.

चाचा खुदकन हसले. "बाई, तुमी बी दातानंच फाडता की."

मी ते पाकीट टेबलावर ठेवलं आणि एक्स-रे काढायला वळले.

एक्स-रे दिव्यापुढं धरला तेव्हा मागून चाचा म्हणाले, "दुखतंय त्ये मी सोसंन. पन आवाज कमी झालाय बगा. वरीस झालं. लांब लांब गेल्यागत वाटतोय."

"त्ये कानाच्या डॉक्टरांना सांगा, चाचा. मी दातांची हाय," मी जेमतेम त्यांच्याकडं वळून म्हणाले. मिस्बाह काहीतरी सांगायला पुढं झाली होती. मी हातानंच थांब म्हणाले, कारण मी उजव्या दाताच्या मुळाकडं बघत होते. मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिलं: दोन्ही दात काढायचे, नवे बसवायचे, पंधरा दिवसांत नवरदेवासारखं तोंड.

चाचांनी कागद दोनदा वाचला. गळ्यातला रुमाल सोडला, नीट घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि चपला घालून चालते झाले. एवढ्या वर्षांत माझ्या खुर्चीतून असं कुणी उठून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्बाह एकटीच आली. "बाई, राग धरू नका. एकदा आमच्या कारखान्यात या."

"दुखणं त्यांचं आणि यायचं मी?"

"काल तुम्ही त्यांचं तोंड बघितलं," ती म्हणाली. "आवाजाचं ऐकून घेतलं नाही."

एकवीस वर्षांच्या पोरीनं इतक्या शांतपणे सांगितलं, की मला लागलं. दुपारी दवाखाना बंद करून मी तिच्या मागोमाग गेले.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. छताला वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीला टेकून उभे तानपुरे. मिस्बाहच्या आजीनं, खातूनबींनी, दारातच "आलीस बाय, बरं केलंस" म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला. चाचांनी आम्हाला पाहिलं नाही. त्यांची पाठ होती. समोर एक तानपुरा आडवा ठेवलेला. तारा ज्या छोट्या पुलावरून जातात त्याला हे लोक घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा केसभर, केसाच्याही निम्म्यानं घासून तार त्यावर अशी बसवायची, की छेडल्यावर ती नुसती वाजून थांबत नाही, गुणगुणत राहते. त्या गुणगुणण्याला जवारी म्हणतात, आणि तानपुऱ्याचा सगळा जीव त्या जवारीत असतो. एवढं मिस्बाहनं मला वाटेत सांगितलं होतं.

चाचा वाकले होते. त्यांच्या तोंडात शिसवीची वीतभर काडी होती. एक टोक वरच्या त्या दोन दातांखाली, दुसरं टोक घोडीच्या बुडाशी टेकवलेलं. डाव्या हातानं तार छेडायची, डोळे मिटायचे, थांबायचं, मग उजव्या हातानं कानस एकदाच फिरवायची. पुन्हा तार. पुन्हा डोळे मिटलेले. दातदुखीनं गाल सुजला होता, तरी काडी सुटत नव्हती.

मला समजलं. हा माणूस दातांनी ऐकत होता.

"सतरा वर्षांचा हुतो," चाचा नंतर चहा पिताना सांगत होते. "अब्बा म्हनायचे, बहिऱ्याला ही इद्या न्हाई, हातगाडी लाव. एक दिस तार पिळायची खुंटी दातात धरली हुती. तिचं टोक लाकडाला लागलं आन् अब्बांनी तार छेडली. आवं, डोक्यात दिवा लागल्यागत झालं! मी खुंटी गिळलीच असती. तवा कळलं, आवाज लाकडात असतोय, लाकडातनं दातात येतोय, दातातनं आत."

कानाच्या डॉक्टरांनीही पुढं हेच सांगितलं होतं म्हणे. पडदा गेलाय, आतला कान शाबूत आहे, हाडातून आवाज थेट पोचतो. पण डॉक्टरांनी सांगायच्या कितीतरी वर्षं आधी एका पोरानं ते खुंटी चावून शोधून काढलं होतं. कानाचं यंत्र त्यांना दिलं होतं. ते फळीवर डब्यात पडून होतं. "त्यात समदं आइकू येतं," चाचा म्हणाले, "भांडी, मोटारी, ही खातूनबी. फकस्त जवारी तेवढी आइकू येत न्हाई."

"आता तुमी आइका," म्हणून त्यांनी काडी माझ्यापुढं धरली. मी पर्समधला स्पिरिटचा कापूस काढून ती तीनदा पुसली, तेव्हा खातूनबी पदरात हसल्या. काडीच्या टोकाला दोन बारीक खळगे होते, पंचावन्न वर्षांत दोन दातांनी करून घेतलेली जागा. माझे दात तिथं बसेनात. कसेबसे बसवले, दोन्ही कानांत बोटं घातली. मिस्बाहनं भिंतीवरचा एक जुना तानपुरा उतरवला. तिच्या आईच्या लग्नाच्या साली चाचांनी केलेला, कधीच न विकलेला. काडीचं दुसरं टोक त्याच्या घोडीला टेकवून तिनं तारा छेडल्या.

मी शिकलेली बाई आहे. दात हिरडीत कसा बसतो, हाडाला कसा भिडतो, मला चित्र काढून दाखवता येतं. पण त्या क्षणी जे झालं ते मला कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. आवाज बाहेरून आलाच नाही. तो माझ्या कवटीत उगवला. पहिली तार, दुसरी, तिसरी, आणि मग खर्जाची जाड तार. ती वाजली तेव्हा देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त गाभारा माझ्या डोक्यात होता. आणि त्या चार तारांच्या वर, हळूच, कुठून तरी एक पाचवा सूर आला. तो कुणी छेडला नव्हता. त्याची तारच नव्हती.

मी काडी काढून मिस्बाहकडं बघत राहिले.

"गंधार," ती म्हणाली. "जवारी बरोबर लागली तर खर्जातून आपोआप येतो. नाना त्याच्यासाठीच बसतात."

"त्योच लांब गेलाय बाई," चाचा म्हणाले. "आदी समूर बसल्यागत यायचा. आता गल्लीच्या टोकाला उबा ऱ्हातोय."

तेव्हा कुठं माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. काल या माणसानं मला त्याचं खरं दुखणं सांगितलं होतं आणि मी त्याला दुसऱ्या डॉक्टरकडं पिटाळलं होतं. त्यांचा कान बिघडलाच नव्हता. दात हलत होते. दात हाडात घट्ट नसेल तर त्यानं आणलेला आवाज आत पोचणार कसा? आणि मी तर कागदावर लिहून दिलं होतं, दोन्ही काढून टाकू. नवरदेवासारखं तोंड! मला माझी लाज वाटली आणि लाजेपोटी रागही आला, तो मी त्यांच्यावरच काढला.

"आवं चाचा, ज्या दातांनी ऐकता त्यांनीच दोरा तोडता? पंचावन्न वर्षं?"

चाचा खरोखर गोंधळले. "दोरा तोडताना कुठं आइकत असतो मी?"

मग कपाकडं बघत म्हणाले, "एका हातात तार, एका हातात घोडी. तिसरा हात कुठनं आनू? हे दोन हुतं, त्ये वापरलं."

मी बाजूच्या सुळ्यानं ऐकून बघा म्हणाले. तो त्यांनी आधीच आजमावला होता. काडी सुळ्याखाली धरली की मान वाकडी, आणि मान वाकडी की कानस वाकडी. समोरच्या दातांशिवाय हे काम नव्हतं.

उजव्या दाताला मुळापर्यंत चीर होती, तो देवानंही वाचवला नसता. तो मी काढला. डावा वाचवायचा असं ठरवलं आणि घरी दोन रात्री झोप लागली नाही. नेहमी रोग्याचं दुखणं थांबलं की माझं काम संपतं. इथं दुखणं थांबवून भागणार नव्हतं, त्या एका दातातून गंधार परत यायला हवा होता. नस साफ करून रूट कॅनल केलं, खाच भरली, मागच्या बाजूनं बारीक तार लावून तो शेजारच्या दातांना बांधून टाकला, लहान आंब्याला काठीचा आधार बांधतात तसा. आणि सांगितलं, सहा आठवडे या दाताला काही लावायचं नाही. सुपारी नाही, दोरा नाही, काडीही नाही. काडी तर मी जप्त करून दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

"म्हंजी सहा आठवडं आंधार," चाचा म्हणाले. ऐकू न येण्याला त्यांनी अंधार हा शब्द वापरला, तो माझ्या मनातून गेला नाही.

खरी अडचण दोऱ्याची झाली. जवारी बंद असली तरी खुंट्या बसवणं, मणी ओवणं, तानपुऱ्यांच्या कापडी गवसण्या शिवणं चालूच होतं, आणि हात भरलेले असले की दोरा आपोआप तोंडाकडं जायचा. चाचांना कळायचंसुद्धा नाही. मिस्बाहनं कात्री त्यांच्या गळ्यात नाडीला बांधली, तरी तेच. शेवटी खातूनबींनी उपाय काढला. अंगावर पिणाऱ्या मोठ्या पोराचं दूध तोडायला आया कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, तसा त्यांनी पाला वाटला आणि घरातली दोऱ्याची झाडून सगळी रिळं त्यात भिजवून वाळवली.

"पाच लेकरांचं तोडलं," त्या मला म्हणाल्या, "आता ह्या सहाव्याचं तोडती."

पहिल्या आठवड्यात चाचा दिवसातनं दहादा थुंकायचे आणि दहादा खातूनबींना शिव्या घालायचे. तिसऱ्या आठवड्यात थुंकणं थांबलं. मीसुद्धा माझ्या टेबलावर एक कात्री आणून ठेवली. का ते कुणाला सांगितलं नाही.

सहा आठवड्यांनी मी काडी घेऊन स्वतःच कारखान्यात गेले. दात तपासला. घट्ट होता. पण घट्ट दात आणि ऐकणारा दात एकच असतो का, हे मला माहीत नव्हतं. खातूनबी दारात उभ्या होत्या, ओठ हलत होते, दुवा मागत असाव्यात. मिस्बाहनं हाताशी होता तो तानपुरा उचलला, गेल्या दिवाळीत तयार झालेला, गिऱ्हाईकाची वाट बघत पडलेला. चाचांनी काडी दाताखाली धरली, डोळे मिटले.

तिनं चारही तारा छेडल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा.

चाचांनी मान हलवली. "गंधार न्हाई."

उजवा दात मीच काढला होता. काढला नसता, तसाच बांधला असता तर? चार महिने तरी ऐकला असता त्यांनी. चाचांनी काडी काढून एकदा तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या जुन्या तानपुऱ्याकडं बोट केलं.

"नको चाचा, उद्या बघू," मी म्हणाले. मला ते बघवणार नव्हतं. त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलंच नाही.

मिस्बाहनं जुना तानपुरा पुढ्यात ठेवला. काडी टेकली. पहिली तार, दुसरी, तिसरी. खर्ज.

चाचांचा हात हवेत वर गेला आणि तिथंच राहिला. एक बोट उभं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, दाढीत गेलं. काडी दातात धरूनच ते बोबडं म्हणाले, "आला. समूर बसलाय."

खातूनबींनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. पण चाचांचं अजून झालं नव्हतं. त्यांनी परत दिवाळीचा तानपुरा ओढला, ऐकला, मान हलवली. परत जुना, बोट वर. परत नवा. असं तीनदा केलं. मग काडी हळूच मांडीवर ठेवली.

"दात बरा हाय, बाई," ते म्हणाले. "माजं काम खोटं हाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. वर्षभर हलत्या दातांतून अर्धामुर्धा आवाज येत होता, आणि त्या अर्ध्या आवाजावर भरवसा ठेवून ते जवाऱ्या लावत होते. गंधार लांब गेला असं त्यांना वाटत होतं. पण या तानपुऱ्यात तो कधी आलेलाच नव्हता.

चाचा मिस्बाहकडं वळले. "तुला आइकू येत हुतं."

पोरीनं मान खाली घातली. "हो, नाना."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या हाताला मी काय बोलू? मला वाटलं, वय झालं, हात थकला. त्या दिवशी बाईंना तुम्ही आवाजाचं सांगितलं, तेव्हा कळलं की हात नाही, दात."

"आसं किती गेलं भाईर?"

"सात."

मी वाट बघत होते की म्हातारा आता खचणार. पंचावन्न वर्षांचं नाव, आणि सात खोटे तानपुरे लोकांच्या घरी. पण चाचांचा चेहरा बघून मी चक्रावले. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि ते हसत होते, एक दात गेलेल्या तोंडानं, खुळ्यासारखे. स्वतःची चूक ऐकू आली म्हणून इतका आनंदलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, पुन्हा बघेन असंही वाटत नाही.

"सातीच्या साती माघारी बोलीव," ते म्हणाले. "सांग, म्हाताऱ्याचं कान दुरुस्त झाल्यात."

आणि तिथंच, चहाचीही वाट न बघता, त्यांनी दिवाळीच्या तानपुऱ्याच्या तारा उतरवल्या. कानस घेतली. काडी दाताखाली धरली. दोन तास मी हलले नाही. दवाखान्यात माणसं खोळंबली असतील, असतील तर असोत. घासणं, छेडणं, डोळे मिटणं. ऊन दारातून उंबऱ्यावर आलं आणि तिथून मागं सरकलं. शेवटी त्यांचं बोट वर गेलं. मला बाहेरून फारसा फरक कळला नाही, पण मिस्बाह तोंडावर हात धरून रडायला लागली, म्हणजे आला असणार.

आता तारेखाली दोरा सारायचा होता. चाचांनी रिळाचं टोक ओढून घेतलं, एका हातात तार, एका हातात घोडी, आणि दोरा सवयीनं ओठांपर्यंत गेला. आम्ही तिघी बघत राहिलो. दोरा ओठांपाशी थांबला. चाचांनी जिभेनं तो एकटा राहिलेला दात एकदा चाचपला, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून गळ्यातली कात्री घेता यावी अशी मान पोरीपुढं केली आणि म्हणाले, "मिस्बाह, तू काप."